सहावा थेंब

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं, तेव्हा तो माझ्या मशीनचा वास घेत होता.

खोटं नाही सांगत. उत्तर घानातल्या तमालेच्या बाजाराच्या तोंडाशी, पेजवालीच्या बाकावर मी डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं – बाबांचं हातानं फिरवायचं काळं शिलाई मशीन, जुन्या कापडात गुंडाळलेलं. हर्मटान सुटला होता. वाळवंटाकडून येणारा हा धुळकट वारा सकाळी असा झोंबतो, की बाजरीची गरम पेज पोटात गेल्याशिवाय बोटं वळत नाहीत. मी वाडगा घ्यायला वळले, परत फिरले आणि बघते तर काय! एक उंचच्या उंच माणूस ओणवा होऊन, माझ्या कापडाची गाठ सोडून, मशीनच्या पोटाशी नाक नेऊन डोळे मिटून उभा.

"ओ! चावताय की काय त्याला?"

तो दचकून ताठ झाला. नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका उमटला होता.

"नाही, नाही... नुसती ओळख करून घेत होतो."

"माणसांशी पण अशीच ओळख करता?"

"माणसं नाव सांगतात की," तो म्हणाला. "मशीन कुठे सांगतं? त्याचं वासावरूनच कळतं."

ठिपक्याचं मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं राहू दे, शोभतोय.

त्याचं नाव ताहिरू. फिटर. मोटारतळाजवळच्या कडुलिंबाखाली टेबल मांडून बसतो, तीन महिन्यांपूर्वीच दक्षिणेतल्या कुमासीहून आलाय – हे सगळं त्याने मी न विचारता सांगितलं. कुमासीचं वेगळं सांगायची गरज नव्हती. आमची बोली तो अशी बोलायचा, जशी दुसऱ्याची चप्पल घालून चालतोय.

"काय होतंय त्याला?"

"तेच तर कळत नाही," मी म्हटलं आणि पेज बाजूला ठेवली. विषय माझ्या जिव्हाळ्याचा होता. "सकाळी चाक हलत नाही. दोन्ही हातांनी ओढलं तरी ढिम्म. आणि दुपारी... दुपारी असं पळतं, की जणू सकाळी काही झालंच नव्हतं. दोन फिटर आले, दोघेही दुपारी. एक म्हणाला, मशीन ठणठणीत आहे मॅडम, तुमचेच हात आळशी. दुसऱ्याने इंजिन ऑइल ओतलं भसाभसा. माझी विणलेली पांढरी पट्टी काळी झाली, आणि सकाळी परत तेच."

"सकाळी आजारी, दुपारी बरं..." तो पुटपुटला. त्याचे डोळे चमकले. लहान मुलाला बंद पेटी दिल्यावर चमकतात ना, तसे. "मग मी सकाळीच यायला पाहिजे. उद्या येऊ?"

मी हो म्हटलं. पेज निवून गेली होती, तरी प्यायले.

आता हे मशीन चालणं माझ्यासाठी का जीवनमरणाचं होतं, ते सांगते. बाबा फुगू शिवायचे. हातमागावरच्या अरुंद पट्ट्या जोडून शिवलेला घेरदार अंगरखा, डांबाच्या सणात पुरुष गिरकी घेतात तेव्हा छत्रीसारखा उघडतो, तो फुगू. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. यंदा आमच्या मोहल्ल्यातल्या बारा नाचणाऱ्या पोरांनी बारा फुगू माझ्याकडे सांगितले. माझ्याकडे, एका पोरीकडे! सुलेमाना काकांचं बाजारात विजेच्या मशीनचं दुकान आहे. त्यांनी ऐकलं आणि घरी येऊन बजावलं, "सुहुयिनी, डांबाच्या आदल्या सकाळपर्यंत बारा झाले नाहीत, तर उरलेले माझ्या दुकानात जातील. हे लोखंड भंगारवाल्याकडे जाईल. आणि तू माझ्याकडे बसून गुंड्या लावशील." काका वाईट नाहीत. पण त्यांच्या शब्दाला मागे जायची सवय नाही. डांबाला तेव्हा सतरा दिवस उरले होते, आणि फुगू झाले होते दोन.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ताहिरू आमच्या अंगणात हजर. आधी आईसमोर उकिडवा बसला, मान खाली घालून रीतसर विचारपूस केली – झोप कशी, घर कसं, थंडी कशी. आई, लामिसी तिचं नाव, शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी काढते. अर्ध्या तमालेच्या टाचा तिच्या लोण्यावर मऊ राहतात. ती चुलीवरच्या कढईत घाटा मारत होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाली, "जेवत नाहीस का रे बाळा?"

मग त्याने मशीन आडवं केलं, आत बोट घातलं, बाहेर काढलं. बोटावर पिवळट, चिकट काहीतरी होतं. त्याने ते बोटांत चोळलं. आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि बोट चिंधीला पुसलं.

"काय आहे?"

"अं... चुकीचं तेल," तो म्हणाला. "पण कुठलं, ते... बघायला लागेल."

त्याने रॉकेलमध्ये चिंधी बुडवून एकेक सांधा पुसला. तासभर. बोटं आधीच वाऱ्याने उललेली, त्यात रॉकेल. मधूनच 'स्स' करायचा, आणि मी बघितलं की हसायचा. मग झोळीतून छोटी बाटली काढली. आत पाण्यासारखं स्वच्छ तेल. एकेका भोकात एकच थेंब, मग चाक फिरवायचं, मग दुसरा थेंब.

"एवढंच?" मी विचारलं.

"मशीनला भूक नसते हो, तहान असते. तीही घोटभर. जास्त पाजलंत तर कापडावर ओकेल."

चाक फिरलं. सकाळी सात वाजता, हर्मटानात, चाक फिरलं! मी टाळीच वाजवली. आई कढईतून डोकं वर काढून बघत राहिली.

जाताना त्याने एक विचित्र गोष्ट केली. झोळीतून खिडकीच्या तावदानाचा तुकडा काढला, आणि माझ्याकडे घरात असेल नसेल ते तेल मागितलं. तावदानाच्या वरच्या कडेला ओळीने पाच थेंब ठेवले – शेंगदाण्याचं तेल, पाम तेल, रॉकेल, मोटारसायकलचं इंजिन ऑइल, आणि त्याच्या बाटलीतलं स्वच्छ तेल. मग ती काच चुलीसमोरच्या भिंतीला तिरकी टेकवून ठेवली.

"हे काय?"

"शर्यत. उद्या सकाळी बघू, कोण खाली पोचतं, कोण वाटेत झोपतं. लावता पैज?"

"शेंगदाणा!" मी म्हटलं. "तळणीला किती पातळ होतं!"

"माझी माझ्या बाटलीवर. हरेल त्याने एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. कबूल?"

कबूल म्हटलं. त्या दिवशी तिसरा फुगू अर्धा झाला, आणि शिवताना माझं लक्ष दहा वेळा त्या भिंतीकडे गेलं.

सकाळी दोघं काचेसमोर ओणवे. पाम तेल अर्ध्या वाटेवरच गोठून बसलेलं. इंजिन ऑइल रांगत रांगत आलेलं, अंगभर धूळ घेऊन. रॉकेलची नुसती ओली वाट. शेंगदाणा खाली पोचायला बोटभर कमी. आणि बाटलीतलं तेल केव्हाच पोचून खाली तळं करून बसलेलं.

"हरले," मी म्हटलं. "विचारा."

मला वाटलं, आता काहीतरी भलतंच विचारणार. तो काचेकडेच बघत होता.

"तुम्हाला... 'तू' म्हटलं तर चालेल?"

"...चालेल."

मग मशीनपाशी गेलो. चाक ढिम्म.

मला रडूच आलं. काल पुसलेलं, काल पळालेलं! ताहिरूने मात्र काही विचारलं नाही. निमूट बसला, पुन्हा चिंधी, पुन्हा रॉकेल, पुन्हा सांधा न् सांधा. तासाभराने मशीन चालू. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. तो रोज यायचा, रोज पुसायचा, आणि रोज काचेवरचे थेंब मला दाखवायचा. आणि मला, खरं सांगायचं तर, दोन्हींचं वेड लागलं होतं. रोज पहाटे जाग यायची ती 'आज काय झालं असेल' या विचाराने. काचेचं की त्याचं, ते मी स्वतःला विचारत नव्हते.

"शेंगदाण्याला बोट लाव," चौथ्या दिवशी तो म्हणाला.

लावलं. गोंदासारखं चिकट! वर धुळीचा थर.

"पहिल्या दिवशी जवळजवळ जिंकला होता की हा!"

"पहिल्या दिवशी सगळेच पळतात. मशीनला पहिला दिवस नसतो, रोजचा दिवस असतो."

"आणि रॉकेल उद्यापर्यंत पार नाहीसं होणार. वाटसुद्धा राहणार नाही."

"थोडा डाग तरी राहील. पैज?"

पाचव्या दिवशी काचेवर रॉकेलच्या जागी काहीच नव्हतं. "पुसायला उत्तम, राहायला कुचकामी," तो मान हलवत म्हणाला. "विचार तुझा प्रश्न."

"आत्ता नाही," मी म्हटलं. "राखून ठेवते."

"व्याज नाही मिळणार हं."

"बघू."

सहाव्या दिवशी मला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. फजरची नमाज नुकती झाली होती, अंगणात राखाडी उजेड होता. मशीनपाशी कोणीतरी होतं. आई. डाव्या हातात वाटी, वाटीत चुलीवर पातळ केलेलं लोणी. बोट बुडवायची आणि मशीनच्या एकेका भोकात थेंब सोडायची. ओठ हलत होते. मी दाराआड उभी राहून ऐकलं.

"थंडी वाजते ना रे तुला? हे घे. हे घे... आज चाल हं. पोरीची लाज राख."

मला हसू आलं. सगळं उलगडलं. गरम गरम सोडलेलं लोणी गार लोखंडात पाव तासात थिजत होतं, दुपारच्या उन्हात वितळत होतं. मशीन जितकं अडायचं तितकी आई जास्त माया करायची, आणि जितकी माया तितकं ते अडायचं. आणि मला वास कसा आला नाही? कसा येणार! माझ्या कपड्यांना, उशीला, केसांना तोच वास. पण परक्या माणसाला...

परक्या माणसाला पहिल्या दिवशीच आला असणार. पेजवालीच्या बाकावर.

मी तशीच निघाले, मोटारतळापर्यंत चालत नाही, धावत. ताहिरू झोळी खांद्याला लावून निघायच्या बेतात होता.

"तुला माहीत होतं!"

त्याने कसलं, कधी, काही विचारलं नाही. "हो," म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून!"

"वासावरून वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बोटाला लागलं, तेव्हा कळलं."

"आणि तू काचेवर थेंबांचे खेळ करत बसलास? इथे माझा जीव टांगणीला लागलाय, बारांतले पाच झालेत, काका भंगारवाल्याला निरोप धाडून बसलेत—"

"रोज पुसून चालू करून देत होतो ना? एक दिवस तरी तुझं काम बुडलं?"

"तोंड उघडलं असतंस तर रोज पुसावंच लागलं नसतं!"

"कुणापुढे उघडू?" आता त्याचाही आवाज चढला. "ज्या बाईने मला पहिल्या दिवशी 'जेवत नाहीस का बाळा' विचारलं, तिला तिच्याच अंगणात, तिच्या लेकीसमोर सांगू? की मा, तुम्ही नवऱ्याचं मशीन स्वतःच्या हाताने मारताय? ते लोणी विकून तुमचं घर चालतं, त्याच लोण्याला नावं ठेवू?"

मी त्याच्या टेबलाला टेकून उभी राहिले.

"काच तुझ्यासाठी नव्हती, सुहु. चुलीसमोर का ठेवली? त्या रोज घाटा मारता मारता बघतात. मला वाटलं, एक दिवस त्यांचं त्यांनाच कळेल. कोणी न सांगता." मग तो खाली बघून बाटलीचं बूच उघडू-लावू लागला. "आणि... थोडी माझ्यासाठीपण होती. थेंब संपले की यायला निमित्त उरलं नसतं."

मला त्याचा राग आलेलाच होता. तरी त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. बोटांची पेरं उलून रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. रोजचं रॉकेल.

"उद्या येऊ नकोस," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

घरी येऊन मीही आईला काही बोलले नाही. बोलणार काय! दुपारपर्यंत ऊन चढायची वाट बघितली आणि मग शिवायला बसले. संध्याकाळी आई काचेसमोर बराच वेळ उभी होती. मी पट्ट्या मोजत असल्याचं सोंग केलं.

सकाळी उठले तर काचेवर एक नवा, सहावा थेंब होता.

वरच्या कडेला, जिथे ठेवला तिथेच. पांढरट, घट्ट. तसूभरही हलला नव्हता. आई काचेसमोर जमिनीवर बसली होती, वाटी रिकामी, मांडीत पालथी.

"तुझ्या बाबांचे हात हर्मटानात फार उलायचे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "रोज पहाटे मी लोणी लावून द्यायची, मग तो मशीनवर बसायचा. तो गेला... आणि मला पहाटे करायला काही उरलंच नाही गं. हात रिकामे. म्हणून मशीनला लावायला लागले. मला वाटायचं, त्याला बरं वाटेल."

मी तिच्याजवळ बसले आणि तिला घट्ट धरलं. दोघी रडलो. मग ती नाक पुसून म्हणाली, "तो कुमासीचा लंबू... त्याला ठाऊक होतं ना?"

"हो."

"आणि बोलला नाही." तिने मांडीतली वाटी सरळ केली. "तुझा बाप असाच होता. डोक्यावर भांडं पडलं तरी म्हणायचा, भांड्याला लागलं का बघ. जा, बोलाव त्याला. आणि पेज पिऊन ये म्हणू नकोस, इथेच पिईल."

तो आला, उकिडवा बसला, मान वर करेना. आईने कढईतलं ताजं लोणी वाटीत घेतलं आणि ती वाटी माझ्या हातात दिली.

"मशीनला त्याचं तेल," ती म्हणाली. "आणि याच्या हातांना माझं. लाव त्याला. मला कढई सोडून येता येत नाही."

कढई चुलीवर नव्हतीच. ती खाली उतरवलेली आम्हा तिघांनाही दिसत होती. पण आईसमोर कोण बोलणार?

मी त्याचा उजवा हात धरला. लोणी त्याच्या पेरांवर ठेवलं आणि ते लगेच वितळलं, माणसाच्या अंगाची ऊब पुरते त्याला. तो 'स्स' म्हणाला नाही. मी एकेका बोटाला, सावकाश, लावत गेले. डावा हात त्याने न सांगता पुढे केला. दोघांपैकी कोणीही वर बघितलं नाही, आणि तरी मला त्याचे डोळे दिसत होते.

त्यानंतर मशीन एकदाही अडलं नाही. पाचाचे आठ झाले, आठाचे अकरा. ताहिरू सकाळी यायचा, एकेक थेंब घालायचा, तेवढ्याला पाच मिनिटं पुरतात, आणि तास काढायचा.

डांबाच्या आदल्या सकाळी मी बाराव्या फुगूचा गळा शिवत होते. चाक गरगर फिरत होतं. ताहिरू शेजारी बसून बाटलीचं आधीच पुसलेलं तोंड पुन्हा पुसत होता. तेवढ्यात फाटकातून सुलेमाना काका आत आले. मागे भंगारवाल्याची ढकलगाडी.

काकांनी दोरीवरचे अकरा फुगू बघितले. माझ्या मांडीवरचा बारावा उचलला, शिवण उलटी करून बघितली, ओढून बघितली. घेराला बोट लावलं. तेलाचा डाग कुठेच नव्हता.

"हं," म्हणाले. बाबांच्या कामाला काका 'हं'च म्हणायचे. मग मागे वळून भंगारवाल्याला हात हलवला, "जा बाबा, इथे काही नाही." ढकलगाडी खडखडत गेली. मला हुंदका आला, तो मी चाकाच्या आवाजात लपवला.

मग काकांची नजर ताहिरूवर गेली.

"तू कोण?"

तो झटकन उकिडवा झाला. "फिटर. ताहिरू."

"मशीन बिघडलंय?"

"नाही, काका. आता नाही बिघडत."

"मग कशाला आलास?"

ताहिरूने बाटलीकडे बघितलं, काचेकडे बघितलं. काचेवरची शर्यत केव्हाच संपली होती. निमित्त कुठेच नव्हतं. आई चुलीपाशी थांबली. मला वाटलं, आता हा पाणी प्यायला आलो म्हणेल, आणि मी जन्मभर त्याच्यावर चिडून राहीन.

मी चाक थांबवलं.

"फिटर," मी म्हटलं, "माझा एक प्रश्न शिल्लक आहे. खरं उत्तर द्यायचं ठरलंय."

"...हो."

"काकांनी विचारला तोच."

त्याने मान वर केली. पहिल्यांदाच काकांच्या डोळ्यांत बघून बोलला, आणि आमच्या बोलीत, एकही शब्द न अडखळता.

"हिच्यासाठी."

आणि सदऱ्याच्या खिशातून पानात गुंडाळलेली पुडी काढून दोन्ही हातांनी पुढे धरली. आत कोलाच्या बिया होत्या, आमच्याकडे मागणी घालताना देतात त्या, पांढऱ्या, निवडून घेतलेल्या. किती दिवस खिशात घेऊन फिरत होता कुणास ठाऊक. पान सुकून चुरा झालं होतं.

"अरे गाढवा!" काका गरजले. "कोला मुलाने स्वतः आणायचे असतात? कुमासीत हेच शिकलास? काका नाहीत तुला? चुलते, मामा, मोहल्ल्यातली चार पांढरी डोकी? पाठव त्यांना! शुक्रवारी! असा एकटा कसला येतोस चोरासारखा!"

ओरडता ओरडता त्यांनी पुडीतली एक बी उचलली, फोडली, तोंडात टाकली. माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली, पण हसू लपेना.

"ही मी भूक लागली म्हणून खाल्ली," काका म्हणाले. "याला होकार समजू नये."

आईने लगेच पेजेचा वाडगा आणून त्यांच्यापुढे ठेवला. शेजारी दुसरा ठेवला, ताहिरूपुढे. मग ती आत गेली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. तीन वर्षांनी.

"ताहिरू," मी हळूच म्हटलं.

"काय?"

"नाकावर काळा डाग आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं, आणि गळ्याची शेवटची शिवण घ्यायला चाक फिरवलं.